वाचकांचे प्रश्न: फझ वाढवून अल्बम जिवंत होत नाही

प्रश्न: दादा, आम्ही तिघं ऐरोलीतले, ब्लूज रॉक वाजवतो. जॅमरूममध्ये एकदम अंगावर येतं पण नव्या अल्बमची गाणी रेकॉर्ड केली तर सगळं मेल्यासारखं वाटतंय. आधी क्लिकवर, म्हणजे कानातल्या टिकटिक ठेक्यावर, ड्रम्स घेतले, मग बेस, मग गिटार. गिटारचा आवाज फाटका करणारा फझ पेडल वाढवून बघितला तरी तेच. काय करू?
– एक गिटारवाला, ऐरोली

उत्तर: अरे तो आवाज पेडलमध्ये नाहीच. ड्रमर क्लिक ऐकत वाजवून घरी गेला आणि गिटार नंतर त्याच्यावर चढवली, मग तुमच्यातली ती ओढाताण येणार कुठून? तिघं एका खोलीत, एकमेकांकडे बघत, एकाच वेळी वाजवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या उत्तरेकडच्या टेकड्यांमधला ब्लूज ऐक, ज्युनियर किम्ब्रो आणि आर. एल. बर्नसाइड. ब्लूजचा नेहमीचा बारा बारचा, म्हणजे बारा मात्रागटांचा, हिशोब तिथे बऱ्याचदा नसतोच, एकाच कॉर्डवर रिफ फिरत राहतो आणि भजनात गजर चढत जातो तसं ते पेटत जातं, लय थोडी पुढेमागे होते आणि तीच मजा आहे. अ‍ॅक्रन या अमेरिकन शहरातले ब्लॅक कीज बँडवाले, म्हणजे डॅन ऑरबाख आणि पॅट्रिक कार्नी, ह्याच ब्लूजवर पोसलेत. २००३ चा 'थिकफ्रीकनेस' त्यांनी कार्नीच्या तळघरात ८ ट्रॅकच्या टेप मशीनवर केला, बहुतेक सगळा १४ तासांच्या एका बैठकीत, आणि पुढच्या वर्षीचा 'रबर फॅक्टरी' चक्क बंद पडलेल्या टायर कारखान्यात. बरं, तेव्हा पैसे नव्हते म्हणून असं म्हणशील, तर नाव, पैसा, स्वतःचा स्टुडिओ सगळं झाल्यावरही २०२१ चा 'डेल्टा क्रीम' त्यांनी दोन दुपारांत, साधारण १० तासांत उरकला. स्लाइड गिटारला केनी ब्राउन होता, जो बर्नसाइडसोबत वर्षानुवर्षं वाजवायचा. मला तो अल्बम प्रचंड आवडतो.

आता तुमचं. सोसायटीत ड्रम्स जमणार नाहीत, तेव्हा वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीत ओळखीच्या कोणाचा गाळा असेल तर सुट्टीच्या दिवशी मागून घ्या. आवाज घुमेल, थोडा घुमू दे, फारच झालं तर गोधड्या टांगा. अ‍ॅम्प छोटा घ्या पण आवाज पूर्ण वाढवा, १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प असा ठेवला की स्वतःच मस्त फाटतो. ड्रम्सच्या माइकमध्ये गिटार शिरणारच, शिरू दे, फक्त मग कोणी चुकलं तर त्याचा एकट्याचा तुकडा बदलता येत नाही, सगळ्यांना परत वाजवावं लागतं, म्हणून गाणी पक्की करून जा. गायन नंतर घेतलं तरी चालेल. तीनचार टेक घ्या, तिथेच ऐका, जो अंगावर येतो तो ठेवा, सोलोत एखादी नोट घसरली असली तरी. आणि मिक्स करणाऱ्याला आधीच सांगा की ड्रम्स कॉम्प्युटरच्या ग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या समान खुणांवर, ओढून सरळ करायचे नाहीत.

प्रश्न: आपल्या देशात असा रांगडा ब्लूज कोण वाजवतं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: शिलाँगचा सोलमेट हा बँड, २००३ पासून. रूडी वालांगची गिटार आणि टिप्रीती खारबंगरचा आवाज, तो आवाज ऐकाच. जमलं तर स्टेजसमोर उभं राहून.