मराठवाड्यातल्या गावात राहून राज्यसेवा आणि यूपीएससीसाठी सामान्य ज्ञान व चालू घडामोडी कशा करायच्या?

तुम्ही लिहिलंय की सेनगाव तालुक्यातल्या गावी राहता, बी.ए. झालंय आणि घरची शेती बघत राज्यसेवेची तयारी चालू आहे. दर महिन्याला तीन मासिकं वाचून काढता, टेलिग्रामवरचे चारपाच चॅनेल रोज बघता, पण पेपर हातात पडला की वाचलेलं काहीच आठवत नाही. पुढे असंही विचारलंय की पुण्याला गेल्याशिवाय हे जमतच नाही का.

मी परभणीत एका अभ्यासिकेत संध्याकाळी सामान्य अध्ययन शिकवतो. समोर बसणारी बहुतेक मुलंमुली पालम, पूर्णा, जिंतूर, औंढा या बाजूची असतात आणि बऱ्याच जणांची तक्रार हीच असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या स्मरणशक्तीत काही खोट नाही. मासिकात बातम्या सुट्या सुट्या येतात. अमुक दिन, तमुक निर्देशांक, कुणाची नेमणूक, कुठला पुरस्कार. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो, मग त्या डोक्यात टिकणार कशाच्या आधारावर? आयोग प्रश्न काढतो तेव्हा बातमी फक्त निमित्त असते. प्रश्न येतो तो त्या बातमीखालच्या कायद्यावर, कलमावर, नदीवर, संस्थेवर किंवा इतिहासावर. तेव्हा रोज चाळीस बातम्या वाचण्यापेक्षा आठवड्यात चारच घ्या, पण त्यांचा तळ गाठा. आणि सुरुवात आपल्या भागातल्या बातम्यांपासून करा. मराठवाड्याच्या बातम्यांखाली जवळपास अर्धा अभ्यासक्रम आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

जायकवाडीचंच घ्या. पाऊस कमी झालेल्या वर्षी ऑक्टोबर उजाडला की मथळा ठरलेला असतो: नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडणार की नाही. आपल्याकडे पारावरसुद्धा यावर तावातावाने बोलतात. अभ्यासिकेत मी ही एक बातमी दोन संध्याकाळी पुरवतो. वहीच्या डाव्या पानावर तारीख टाकून बातमी दोन ओळीत लिहायला सांगतो आणि उजवं पान कोरं ठेवायला लावतो. मग ते पान भरत जायचं.

आधी भूगोल. गोदावरीवर पैठणला धरण, जलाशयाचं नाव नाथसागर. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी झाली, इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ मध्ये लोकार्पण. एकूण साठवण सुमारे १०२ टीएमसी, त्यातली उपयुक्त सुमारे ७६. इथे थांबून टीएमसी म्हणजे काय ते समजून घ्यायचं: एक अब्ज घनफूट, म्हणजे साधारण २८.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर). पेपरात ‘इतके हजार क्युसेकने विसर्ग’ असं छापून येतं. त्याचा हिशेब एकदा हाताने करून बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं की १ टीएमसी होतं. हे एकदा स्वतः मांडलं की पुराच्या आणि धरणाच्या बातम्या कायमच्या कळायला लागतात.

मग वरच्या अंगाला जायचं. नाशिककडचं पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून खाली येतं. हेच नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. त्याच वर्षी दुसरं झालं लोणार, आपल्या सीमेला लागून. मग रामसर करार १९७१ चा, इराणमधल्या रामसर शहरातला, पाणथळ जागांसाठीचा, हे ओघाने आलंच. नगरकडून येतात प्रवरा आणि मुळा. भंडारदरा, निळवंडे प्रवरेवर. मुळा थेट गोदावरीला मिळत नाही, आधी प्रवरेला मिळते.

आता कायदा. पाणी सोडायला सांगणारा आधार आहे २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा. त्यात खोऱ्यातल्या धरणांमध्ये पाण्याचं समन्यायी वाटप करण्याची तरतूद आहे. जायकवाडीचा उपयुक्त साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचं, हे सूत्र मेंढेगिरी समितीचं. वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१६ मध्ये निकाल आला. सूत्राचा पुढे फेरविचारही सुरू झाला, म्हणून वहीत नुसतं ६५ लिहू नका, शेजारी समितीचं नाव लिहा. आकडे बदलतात, मग कुठला आकडा कुणाचा तेच लक्षात राहत नाही.

शेवटी राज्यघटना. पाणी हा राज्यसूचीतला विषय, नोंद १७. आंतरराज्य नद्यांचं नियमन संघसूचीत, नोंद ५६. आंतरराज्य पाणीतंट्यांसाठी कलम २६२ आणि १९५६ चा कायदा. गोदावरीसाठी बच्छावत लवाद १९६९ मध्ये नेमला आणि त्याचा अंतिम निवाडा १९८० चा. आता सांगा, जायकवाडीचा वाद कलम २६२ खाली येतो का? वर्गात निम्मे हात ‘हो’ म्हणून वर जातात. येत नाही. दोन्ही बाजू एकाच राज्यातल्या आहेत, २६२ राज्याराज्यांमधल्या तंट्यांसाठी आहे. तिथे एकदा फसलेला मुलगा परीक्षेत फसत नाही.

पान भरलं की त्यावरून स्वतः प्रश्न काढायचा. आमच्याकडे गेल्या खेपेला एका मुलीने असा काढला. विधान एक, जायकवाडीचा पाणीवाटपाचा वाद कलम २६२ च्या कक्षेत येतो. विधान दोन, नांदूर मधमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. विधान तीन, मुळा नदी थेट गोदावरीला मिळते. यांपैकी किती विधानं बरोबर? उत्तर आहे फक्त एक. ‘कोणती’ न विचारता ‘किती’ विचारायची ही पद्धत यूपीएससीने २०२३ पासून बरीच वापरली आणि पर्याय खोडत उत्तर काढणाऱ्यांची अडचण झाली, कारण तिथे प्रत्येक विधान पक्कं माहीत असावं लागतं. अर्धवट आठवणीवर ठोकून दिलं की यूपीएससीला एक तृतीयांश गुण जातात, राज्यसेवा पूर्वला एक चतुर्थांश.

दुसरी बातमी दरवर्षी १७ सप्टेंबरला हमखास येते. मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन आणि मुख्यमंत्र्यांच्या घोषणा. घोषणा सोडून द्या, तारीख धरा. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, ऑपरेशन पोलो, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची भारतीय फौजांची कारवाई. त्याआधीचा नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ आणि हैदराबाद स्टेट काँग्रेस. पुढे हैदराबाद हे ‘ब’ वर्गातलं राज्य, निजाम राजप्रमुख. मग फाजल अली आयोग, १९५६ ची राज्य पुनर्रचना, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला आपले तेव्हाचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात. पाचाचे आठ कसे झाले तेही लिहून टाका: जालना १९८१, लातूर १९८२, हिंगोली १९९९. तुमचा स्वतःचा जिल्हा परभणीतून वेगळा झाला, हे तरी चुकायला नको.

याच धाग्यावर २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय येतो, म्हणजे निजामकाळातल्या नोंदींच्या आधारे मराठा समाजातल्या लोकांना कुणबी प्रमाणपत्र देण्याबाबतचा. आरक्षणाचा विषय आपल्या भागात घराघरात आहे, अभ्यासिकेतही दोन्हीकडची मुलं शेजारी शेजारी बसतात. मी एकच सांगतो, वहीत मत लिहू नका, क्रम लिहा. कलम १५(४) आणि १६(४). १९९२ चा इंद्रा साहनी निकाल आणि ५० टक्क्यांची मर्यादा. १०२ वी घटनादुरुस्ती आणि कलम ३४२अ. राज्याचा २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा. तो रद्द करणारा ५ मे २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्यानंतर मागास प्रवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार परत देणारी १०५ वी दुरुस्ती. मग २०२४ चा १० टक्के मराठा आरक्षणाचा कायदा. हा क्रम ज्याला तोंडपाठ आहे त्याला मुलाखतीत कुणीही काहीही विचारलं तरी तो शांतपणे बोलू शकतो. मुलाखतीत तुमचा जिल्हा बघून हा प्रश्न येण्याची शक्यता दाट आहे, त्यामुळे ही तयारी मुंबई-पुण्याच्या मुलापेक्षा तुम्हाला जास्त लागणार.

अनुशेषाची, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाची, बातमी आली की कलम ३७१(२), १९९४ ची वैधानिक विकास मंडळं, दांडेकर समिती, केळकर समिती आणि ३० एप्रिल २०२० ला संपलेली मंडळांची मुदत. ३७१(२) मध्ये गुजरातमधले सौराष्ट्र आणि कच्छही आहेत हे लोक विसरतात. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाचं स्मरण ३० सप्टेंबरला होतं, तिथून २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि दख्खनच्या स्थिर समजल्या जाणाऱ्या पठारावर भूकंप कसा झाला हा प्रश्न. अभिजात भाषेचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ चा, मराठीसोबत पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली. ‘मराठा लष्करी स्थापत्य’ जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, १२ किल्ले, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. मराठवाड्यातला एकही नाही, देवगिरीसुद्धा नाही. आपल्याकडचे अजिंठा आणि वेरूळ मात्र १९८३ पासून यादीत आहेत. मुलं अभिमानाच्या भरात देवगिरीवर खूण करून मोकळी होतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता वाचायचं काय. मासिक एकच ठेवा, कुठलंही, पण महिना संपल्यावर उजळणीपुरतं. एक मराठी दैनिक रोज, पाऊण तास. आरोप-प्रत्यारोप, गुन्हे, क्रिकेटचे धावफलक सोडा. पीआयबीची (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची) निवेदनं मराठीतही येतात आणि फुकट आहेत. टेलिग्रामवर आलेला आकडा तिथे किंवा मूळ खात्याच्या संकेतस्थळावर दिसल्याशिवाय वहीत घेऊ नका, माझा यावर फार कटाक्ष आहे. चॅनेलवर जुनी नेमणूक नवी म्हणून फिरते आणि हजार मुलं ती पाठ करतात. राज्याची आर्थिक पाहणी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी विधिमंडळात मांडतात, मराठीत असते, तीही फुकट. त्यातला जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाचा तक्ता काढून मराठवाड्याचे आठ जिल्हे कुठे आहेत ते बघा. तो तक्ता एकदा नीट पाहिलेला विद्यार्थी प्रादेशिक असमतोलावर पोकळ लिहीत नाही.

पुरस्कार, नेमणुका, क्रीडास्पर्धा यांसाठी एक वेगळा कागद करा आणि पूर्व परीक्षेआधी दोन आठवडे काढून वाचा. त्यापेक्षा जास्त वेळ त्यांना देऊ नका. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, यूपीएससीसारखीच १७५० गुणांची लेखी आणि २७५ ची मुलाखत. एका ओळीच्या उत्तरांचे गठ्ठे तिथे काही कामाचे नाहीत. उजव्या पानावरचं सगळं मात्र जसंच्या तसं उत्तरात उतरतं. आठवड्यातून एकदा त्यातल्या एका पानावर दीडशे शब्दांचं उत्तर लिहून कुणाला तरी दाखवा, गावातल्या शाळेतल्या सरांना दाखवलं तरी चालेल.

यूपीएससीही देणार असाल तर एक ध्यानात असू द्या. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते, पण पूर्व परीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. मागच्या वर्षांचे पेपर त्या भाषांमध्ये वाचायचा सराव आत्तापासून ठेवा.

पुण्याचं म्हणाल तर चालू घडामोडींसाठी तिकडे जायची अजिबात गरज नाही. खोली, मेस आणि अभ्यासिकेच्या फीपायी घरची सोयाबीनची पट्टी महिन्या-दोन महिन्यांत संपते, हे मी माझ्याच विद्यार्थ्यांच्या घरी बघितलंय. उत्तरं तपासून देणारं कुणी जवळ नसेल तर मुख्य परीक्षेच्या आधी थोड्या काळासाठी जाण्याचा विचार करा. तोवर हिंगोलीत किंवा सेनगावात तुमच्यासारखे आणखी दोघं-तिघं शोधा, बातम्या वाटून घ्या आणि रविवारी एकमेकांची उजवी पानं तपासा. पहिलं पान जायकवाडीचं किंवा तुमच्या जवळच्या सिद्धेश्वर-येलदरीचं करा. भरलं की इथेच खाली टाका, मी वाचून काय राहिलंय ते सांगेन.