‘वॉज’ मूळचा वस्तीचा

नाशिकच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, ‘बी’ या इंग्रजी क्रियापदाचा भूतकाळ ‘वॉज’ कसा झाला, आणि ‘वॉज म्हणजे होता’ असे शिकलेली मुले ‘आय वॉज वेंट’ का म्हणतात.

दुसरा प्रश्न आधी संपवतो. ‘मी काल पेठला गेलो होतो’ यातल्या ‘होतो’ला इंग्रजीत बहुधा जागाच नसते, ‘आय वेंट’ एवढे पुरते. शब्दाला शब्द चिकटवून शिकवले की ‘आय वॉज वेंट’ होणारच, आणि कॉलेज रोडवर क्लास सुटण्याच्या वेळी ते कानावर पडले की मला मनापासून त्रास होतो. त्याहून अधिक त्रास ‘ते अनियमित आहे, पाठ करा’ या उत्तराचा होतो, कारण या अनियमिततेला उत्तम कारण आहे.

‘बी’ची रूपे एका धातूची नाहीत. ‘ॲम’ आणि ‘इज’ ही आपल्या अस्मि आणि अस्ति यांची भावंडे, ‘बी’ आणि ‘बीन’ ही भू धातूच्या कुळातली, तर ‘वॉज’ आणि ‘वर्’ ही वस् धातूच्या. यात नवल वाटण्याचे कारण नाही. संस्कृतातही अस् सर्व काळांत चालत नाही, ‘अस्तेर्भूः’ (२.४.५२) हे सूत्र सांगून पाणिनीने त्याच्या जागी भू आणला, म्हणून अस्तिचा भविष्यकाळ ‘भविष्यति’ होतो. मराठीत ‘आहे’चा भूतकाळ ‘होता’ होतो, तोही भूपासूनच आलेला, आणि तो कोणाला पाठ करावा लागला नाही.

खरा आनंद वस् धातूत आहे. निवास, वनवास, उपवास यांतला हा धातू. आणि त्याचा जुना अर्थ नुसते राहणे एवढाच नसून मुक्काम करणे, रात्र काढणे असाही आहे. नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकावर संध्याकाळी पेठ-सुरगाण्याकडच्या गाडीपाशी एखादी बाई डोक्यावरचे बोचके सावरत वाहकाला विचारते, “वस्तीची का?” म्हणजे गाडी रात्री गावातच थांबून पहाटे परतणार का. माझे ठाम मत आहे की, वस् धातूचा तो जुना अर्थ आज शब्दकोशांपेक्षा एसटीच्या या बोलीत अधिक जिवंत आहे. मुक्कामाचा अर्थ झिजून असण्यावर येणे आपल्यालाही परके नाही: ‘तो नाशिकला राहतो’ यातला राहणे ‘तो गप्प राहिला’ यात किती पातळ झाला आहे, ते पाहावे. ‘वॉज’ त्याच वाटेने गेला, फक्त आणखी पुढे. त्याच्यात वस्तीची खूणही उरली नाही.

येथे काही विद्वान उत्साहाने लिहितात की, ‘वॉज’ हा संस्कृत ‘वस्’चा अपभ्रंश आहे. हे साफ चूक आहे. संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ सालीच सांगितले होते की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका समान मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आता अस्तित्वात नसेल. इंग्रजीचे नातेही तसेच, बहिणीचे आहे. बहिणीला मुलगी म्हटल्याने आईचा मान वाढत नाही.

उरला ‘वर्’. एकवचनात स (लिहिण्यात स, उच्चारात आज ज) आणि अनेकवचनात र, हे कोडे डॅनिश अभ्यासक कार्ल व्हर्नर यांनी एकोणिसाव्या शतकात सोडवले, आणि त्याची किल्ली त्यांना वैदिक स्वरांत सापडली. संस्कृतात ‘तो राहिला’ म्हणजे ‘उवास’, तेथे उदात्त स्वर, म्हणजे उंच आघात, धातूवर पडतो. ‘ते राहिले’ म्हणजे ‘ऊषुः’, तेथे तो प्रत्ययावर सरकतो. इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही आघात असाच हलत असे. आघात आधीच्या स्वरावर असला तर स टिकला; नसला तर तो मऊ होऊन पुढे र झाला. पुढे आघात पहिल्या अक्षरावर कायमचा बसला आणि कारण पुसले गेले, पण र मात्र राहिला. आपले वेदपाठी ज्या उदात्तासाठी अजूनही मान आणि हात हलवतात, त्याचा ठसा इंग्रजी शाळेच्या पहिल्या पाठात आहे.

म्हणूनच ‘वर्’चा उच्चार ‘वेअर’ करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, तो करू नये. अंगावर घालण्याचा ‘वेअर’ निराळ्या वस् धातूचा, वस्त्रातल्या वस्चा, आहे. त्याचाही स अशाच रीतीने र झाला, तरी त्याचे घर वेगळे आहे.