‘आरए फॅक्टर’ला ‘विकृत प्रतिपिंड’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए), म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते तो आजार, त्यावरच्या मजकुरात ‘ॲबनॉर्मल अँटिबॉडीज’ येतात, त्यांना ‘विकृत प्रतिपिंडं’ म्हटलं तर चालेल का? आणि रक्ताच्या रिपोर्टवरच्या ‘आरए फॅक्टर’ला (म्हणजे रुमॅटॉइड फॅक्टरला) मराठीत काय म्हणायचं?

‘विकृत’ नकोच. विकृत म्हटलं की वस्तूची घडणच बिघडलेली वाटते. प्रतिपिंड म्हणजे जंतूंना चिकटून त्यांच्याशी लढणारं रक्तातलं प्रथिन. इथे त्याची घडण चांगली धडधाकट असते, चुकतं ते त्याचं लक्ष्य. जंतूऐवजी ते आपल्याच शरीरातल्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. म्हणून ‘स्वप्रतिपिंड’ हा शब्द नेमका. (‘प्रतिजैविक’ मात्र चुकूनही लिहू नका. ते अँटिबायोटिक, म्हणजे औषध. ही गल्लत छापील मजकुरातही दिसते.)

आता ‘फॅक्टर’. १९४० साली नॉर्वेत एरिक वालर यांना दिसलं, की मेंढीच्या तांबड्या पेशींवर सशाची प्रतिपिंडं चढवली आणि त्यात या आजाराच्या रुग्णाचा सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग) घातला, की पेशींचे पुंजके होतात. सीरममध्ये ‘काहीतरी’ होतं. त्या काहीतरीला पुढे फॅक्टर हे नाव चिकटलं. ते काहीतरी म्हणजे प्रतिपिंडाविरुद्धचं प्रतिपिंड निघालं: बहुधा आयजीएम जातीचं, आयजीजी या दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडाच्या शेपटाकडच्या भागाला धरणारं. ओळख पटली तरी नाव तेच राहिलं. म्हणून ‘संधिवात घटक’ असं भाषांतर करू नये. वाचणाऱ्याला वाटतं, हा घटक सापडला म्हणजे संधिवात झालाच.

तसं नाही. रुग्णांपैकी साधारण ७० ते ८० टक्क्यांत तो सापडतो, म्हणजे बाकीच्यांना आजार असून रिपोर्ट निगेटिव्ह येतो. उलट हिपॅटायटिस सी, श्योग्रेन (डोळे-तोंड कोरडं पाडणारा आजार), क्षय, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग यांत, आणि काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही तो सापडतो. शिवाय ‘संधिवात’ आपण झिजलेल्या गुडघ्यालाही म्हणतो, त्या दुखण्याचा या फॅक्टरशी संबंध नाही.

‘अँटी-सीसीपी’ ही दुसरी रक्ततपासणी जास्त नेमकी आहे; ती पॉझिटिव्ह आली तर या आजाराचा संशय बराच पक्का होतो. यातला पहिला सी ‘सायक्लिक’चा. वेटोळं असतं ते तपासणीसाठी बनवलेल्या पेप्टाइडचं (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याचं; शेवटचा पी त्याचाच), रुग्णाच्या सांध्यात तसं काही नसतं. दुसरा सी सिट्रुलिन या अमिनो आम्लाचा, आणि हे नाव आलंय सिट्रुलस, म्हणजे कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून, कारण हे द्रव्य मुळात कलिंगडाच्या रसातून वेगळं केलं गेलं. पण तेवढ्यासाठी कलिंगड वर्ज्य करायचं कारण नाही. इथलं सिट्रुलिन प्रथिनातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लावर एका विकराची (एन्झाइमची) क्रिया होऊन जागच्या जागी तयार होतं.

‘मला आरए पॉझिटिव्ह आहे’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि त्यात तपासणी व आजार एक होऊन जातात. लिहिताना आकडा आणि मर्यादा (लॅब जिथवर निगेटिव्ह धरते तो आकडा) दोन्ही द्या. मर्यादा लॅबगणिक बदलते, कुठे १४, कुठे २०. या आजाराच्या २०१० च्या वर्गीकरण निकषांत फॅक्टर किंवा अँटी-सीसीपीच्या मर्यादेच्या तिपटीपर्यंतच्या वाढीला २ गुण, त्यापुढे ३, आणि आजार ठरायला १० पैकी ६ लागतात; म्हणजे सांध्यांकडे न बघता नुसत्या रक्तावर ते भरतच नाहीत. तेव्हा वाक्य असं करा: ‘रुमॅटॉइड फॅक्टर ४८ आढळला, लॅबची मर्यादा १४.’