वाचकांचे प्रश्न: गावाकडं यायचंय? आधी एक पावसाळा काढा

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही गेली 14 वर्षं पुण्यात आहोत, दोघांचीही कॉम्प्युटरवरची नोकरी, आता बरंचसं काम घरूनच चालतं. माझं मूळ गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला. आजोबांचं कौलारू घर बंद पडून आहे, थोडी जमीन सामाईक आहे. आईला आता गावातच राहायचंय, मलाही शेती करायचीय. मुलगी चौथीत आहे. बायकोला कन्नडची धास्ती, मला कागदपत्रांची. आमच्या शेताला लागून दोन एकर विकायला निघालेत, ते आत्ताच घेऊन टाकू का? आणि इतक्या वर्षांनी गेल्यावर लोक आपलं म्हणतील का?

उत्तर: दादा, आधी जमिनीचंच सांगते कारण घाई तुम्हाला तिथंच झालेली दिसतेय. ते दोन एकर आत्ता घेऊ नका. आईला, बायकोला, मुलीला घेऊन मे महिन्यात या, आजोबांचं घर उघडा, राहण्यासारखं नसेल तर गावातच एखादं भाड्यानं बघा आणि दसऱ्यापर्यंत राहा. जमिनीचं दसऱ्यानंतर. तोवर ती गेली तर जाऊ दे, दुसरी मिळेल.

असं का म्हणते ते सांगते. आम्ही 2012 साली याच भागात राहायला आलो, पण घर बघितलं होतं त्याच्या आधीच्या डिसेंबरात. डिसेंबरात आपला भाग बघितला की कुणीही भुलतं, भात कापून झालेलं असतं, त्याच शेतात मसूर हिरवागार वर आलेला, सकाळी धुकं, दुपारी छान कोवळं ऊन. मे महिन्यात सामान आणून टाकलं. शेजारच्या आजींनी दोनदा विचारलं, "कौलं परतून घेतलासा काय ओ?" मी नुसतं बघू म्हटलं, कारण मला वाटलं गळत तर नाहीत, कशाला परतायची. उन्हाळाभर वानरं कौलांवरून उड्या मारतात, कौलं सरकतात, चिरतात आणि ते खालून दिसत नाही हे मला कुठं माहीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जो पाऊस लागला तो थांबायलाच तयार नाही, सोप्यात, माजघरात, चुलीवर सगळीकडं धार, घरातली सगळी भांडी मांडून झाली तरी पुरेनात, लाईट तीन दिवस नाही, डब्यातल्या मिठाचं पाणी झालं आणि कपाटातल्या दाखल्यांच्या फाइलवर बुरशीचे हिरवे ठिपके. नवरा म्हणाला परत जाऊया. मी रडले त्या दिवशी, खरंच.

चौथ्या दिवशी आजींचा मुलगा आणि भावकीतली दोन पोरं पोत्याच्या खोळी डोक्यावर घेऊन आली, शिडी लावली आणि भर पावसात त्या निसरड्या छपरावर चढली. पन्नासभर कौलं बदलली असतील. मी पैसे द्यायला गेले तर आजी म्हणाल्या, "पैसे नकोत, खरं रोप लावायला या." मला वाटलं खरोखर या म्हणतायत. आपल्याकडं 'खरं' म्हणजे 'पण' हे मला नंतर कळलं, तुम्ही आजोबांच्या तोंडून ऐकलं असेल, पुण्यात राहून विसरला असाल. तर मी गेले. गुडघाभर चिखल, वर पाऊस, दोन तासांत कंबर मोडली, माझी ओळ वाकडी जायची आणि मागून येणारी बाई गुपचूप सरळ करायची. त्या एका दिवसानं जे झालं ते आधीच्या महिनाभरच्या चहापाण्यानं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून वाटेत भेटणारी प्रत्येक बाई थांबून बोलायला लागली.

म्हणून लोक आपलं म्हणतील का याचं माझं उत्तर पैरा हेच आहे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, हा हिशोब कुणी वहीत लिहीत नाही पण गावात प्रत्येकाला पाठ असतो. तुम्ही मजुरी देऊन सगळं उरकलंत तर काम होईल, लोक वाईटही म्हणणार नाहीत, पण तुम्ही पाहुणेच राहाल. लावणीला, भांगलणीला, मळणीला स्वतः उतरा, कुणाकडं मयत झालं तर लाकडं घेऊन जा. आणि वार पाळा. गावची पाळणूक असेल त्या वारी शेतात काम करायचं नसतं, महालक्ष्मीची यात्रा ठरली असेल तर तिच्या आधी कितीतरी आठवडे हे चालतं. तुमचा देवावर विश्वास असो नसो, त्या दिवशी ट्रॅक्टर बाहेर काढू नका. गावानं एकत्र ठरवलेली गोष्ट आहे, ती मोडलेली लोकांना फार लागते.

पाऊस का एवढा, तेही समजून घ्या म्हणजे घर तसं कराल. मलप्रभा आपल्या कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हादई याच तालुक्यात भीमगडच्या जंगलातून निघते आणि गोव्यातून समुद्राला जाते, म्हणजे आपण अगदी घाटमाथ्याच्या धारेवर बसलोय. खानापूरपेक्षा जांबोटीला जास्त, जांबोटीपेक्षा कणकुंबीला जास्त. पाऊस ज्या बाजूनं मारतो त्या भिंतीला झाप लावावा लागतो, जळण मे महिन्यातच आत घ्यावं लागतं, कागदपत्रं पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकमध्ये. तुमचं काम इंटरनेटवर आहे तर इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं लागतीलच, आणि रेंज बघायची ती जुलैत बघा, डिसेंबरात सगळीकडं येते.

आता कागद. यात मात्र तुमची भीती रास्त आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, कर्नाटकात पूर्वी तसंच होतं पण 2020 साली जमीन सुधारणा कायदा बदलला आणि 79ए, 79बी ही कलमं गेली, आता शेतकरी नसलेल्यालाही घेता येते. यामुळं बाहेरचे लोक भरभर घ्यायला लागले आणि भाव चढले, म्हणून तुम्हाला सगळे घाई करायला सांगतील. ऐकू नका. इथं सातबारा नाही, आपण उतारा म्हणतो, कन्नडमध्ये पहाणी, आणि तो पूर्ण कन्नडमध्ये असतो. त्यातला 11 नंबरचा रकाना कुणाकडून तरी नीट वाचून घ्या, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथं दिसतो. 30 वर्षांची ईसी, म्हणजे जमिनीवरच्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा दाखला काढा. सर्वे नंबरातला तुकडाच घेत असाल तर सर्वे खात्याचा 11ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याचा मोजणी नकाशा झाल्याशिवाय रजिस्ट्रेशन होत नाही, आणि तो नकाशा झाल्यावर बांधावर स्वतः उभं राहून दगड बघा. जंगलाला लागून असेल तर वनखात्याची हद्द कुठून जाते ते विचाराच, आपल्या तालुक्यात हा घोळ फार आहे. भीमगड 2011 साली अभयारण्य झालं तेव्हापासून लोक जास्त सावध झालेत.

पण दादा, त्याच्याही आधी स्वतःचं घर नीट करा. आजोबांच्या नावावरची सामाईक जमीन अजून तशीच असेल तर पौती वारसा लावून घ्या, म्हणजे आजोबांच्या जागी वारसांची नावं, मग वाटणी, मग पोडी, म्हणजे मोजणी करून ज्याचा त्याचा वेगळा नंबर. तुमच्या आत्या असतील तर त्यांचाही हक्क आहे. त्यांच्याकडं सहीचा कागद घेऊन जाऊ नका, आधी नुसतं भेटायला जा, जेवा, आईला सोबत न्या. आमच्या ओळखीत एका घरात फक्त सही मागायला गेले म्हणून बहीण-भावाचं बोलणं बंद झालं ते अजून बंद आहे. घर गावठाणात असेल तर पंचायतीतून ई-स्वत्तूचा, म्हणजे घराच्या मिळकतीचा ऑनलाइन उतारा काढून ठेवा, पुढं विजेच्या मीटरला, कर्जाला, सगळ्याला लागतो.

वहिनींना सांगा कन्नडला घाबरू नका. घरात, शेतात, दुकानात, देवळात आपली मराठीच चालते. अडतं ते ऑफिसात आणि बसस्टँडवर. मी पहिल्या महिन्यात खानापूरच्या स्टँडवर बसची पाटी बघत उभी राहायची, गोल गोल अक्षरं, काही कळायचं नाही आणि विचारायची लाज वाटायची. एकदा बस सुटलीच होती, टोपलीत रताळी घेऊन बसलेल्या एका मावशीनं हाताला धरून खेचलं, "अगं बाई ही जांबोटीचीच की, चढ." त्या रात्री मी मुलाची पहिलीची कन्नड उजळणी घेऊन बसले. रोज चार अक्षरं आणि आकडे. दोन महिन्यांत पाट्या वाचता यायला लागल्या. बोलायला सुरुवातीला एवढंच पुरतं: बर्री (या), कुंद्री (बसा), एष्टरी (किती हो), आणि "ननग कन्नड स्वल्प बरतैती", म्हणजे मला कन्नड थोडं येतं. हे शेवटचं वाक्य मोडकं तोडकं जरी म्हटलं तरी खिडकीपलीकडच्या माणसाचा चेहरा बदलतो, मी शंभर वेळा बघितलंय. आणि आधारवरचा पत्ता लवकर बदला. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, पण कर्नाटकच्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं.

मुलीच्या शाळेचं माझं मत स्पष्ट आहे, गावातल्या सरकारी मराठी शाळेत घाला. कन्नड तिला कुठंही शिकावंच लागेल, 2015 च्या कायद्यानं या राज्यात कुठल्याही बोर्डाच्या शाळेत ते आहे. मग माध्यम तरी आपलं का नसावं? आमच्या गावात पट कमी होत चाललाय, एक मूल वाढलं तरी शाळेला आधार होतो, आणि तिला गावातल्या मैत्रिणी मिळतील त्या बेळगावला व्हॅननं जाणाऱ्या पोरांना मिळत नाहीत. इंग्रजी तुम्ही दोघं घरी घेऊ शकता, गावातल्या बाकीच्या पोरांनाही बसवा सोबत. आमच्या पडवीत रविवारी अकरा पोरं बसतात.

सीमाप्रश्नाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आईंच्या मनात असणार. 1 नोव्हेंबर 1956 पासूनची जखम आहे, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. 1 नोव्हेंबरला आणि डिसेंबरात बेळगावला अधिवेशन असतं तेव्हा कधी कधी वातावरण तापतं, दोन्हीकडच्या बस एखाद-दोन दिवस बंद होतात, तेवढं धरून प्रवास ठरवा. गावात कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याशी कुणाचं भांडण नसतं. मराठी टिकवायची असेल तर हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथली मराठी साहित्य संमेलनं बघायला मुलीला न्या. गावकरी वर्गणी काढून भरवतात, सकाळी ग्रंथदिंडी निघते, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, लेझीम खेळणारी पोरं. शेतातून आलेला माणूस मांडी घालून दिवसभर कविता ऐकत बसतो, हे तिनं लहानपणीच बघावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: लग्नानंतर ठाण्याहून निपाणीजवळच्या गावात आलेय, सात महिने झाले. दार उघडं दिसलं की कुणीही आत येतं, कुठं गेलतीस, काय आणलंस, किती पगार, अजून पाळणा का नाही. जीव गुदमरतो.

उत्तर: अगं, कुठं गेलतीस हे विचारणं म्हणजे तुमच्याकडचं हॅलो. त्याला "जाऊन आले जरा" एवढं पुरतं, पुढं कुणी खोदत नाही. पगाराला "भागतंय की" म्हण. पण पाळण्याचं वेगळं आहे, ते तू हसून सहन करायची गरज नाही. सासूबाईंना एकदा शांतपणे सांग की मला हे लागतं, आणि पुढच्या वेळी उत्तर त्यांना देऊ दे. गावात सुनेनं उत्तर दिलं की उद्धट होते, सासूनं दिलं की विषय संपतो. दुपारी दोन तास दार ओढून घे, म्हण झोपते. सगळ्याच बायका तेवढा वेळ चोरतात. आणि एक तुझ्या वयाची मैत्रीण शोध, तंबाखूच्या नाहीतर उसाच्या रानात जाणारी कुणीतरी, तिच्याशी सगळं बोल. सात महिने फार नाहीत गं. मला दीड वर्ष लागलं.

प्रश्न: रिटायर होऊन खानापूर भागात राहायला आलोय. सापांची फार भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

उत्तर: काका, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, परड्यात गमबूट घाला, जळणाची आणि कौलांची रास घराला टेकवून ठेवू नका, तिथं उंदीर येतात आणि उंदरांमागं साप. मण्यार रात्री अंथरुणात शिरते म्हणून जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, देवऋषाकडं तर अजिबात नाही, मण्यारीच्या चाव्यात बऱ्याचदा दुखतही नाही आणि काही तासांत पापण्या जड होतात, तो वेळ गेला तर गेला. हातपाय न हलवता 108 ला फोन, आणि गाडी यायला उशीर दिसला तर शेजाऱ्याच्या जीपनं सरळ सरकारी दवाखान्यात. जीप असलेल्या दोन शेजाऱ्यांचे नंबर आजच मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून ठेवा, आणि रात्री अकराला उठवलं तर चालेल का ते त्यांना आधीच विचारून ठेवा. ते चालेलच म्हणतील.