फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) ठणठणीत असेल तरी दरवर्षी डॉक्टरकडे न्यायला हवा का?

हो, न्याच. मुख्य कारण डिस्टेंपरची लस. कुत्र्यांचा हा आजार फेरेटला झाला तर तो जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि विषाणू तुमच्या कपड्यांवरूनही घरात येऊ शकतो. त्यामुळे ‘आमचा बाहेर जातच नाही’ हे कारण चालत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर, मग दरवर्षी. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. काहींना लगेच उलट्या-जुलाब होतात.

तीन वर्षांनंतर वर्षातून दोनदा तपासणी करा, रक्तातली साखरही बघा. स्वादुपिंडात गाठ झाली की साखर उतरते, मागचे पाय लटपटतात, तो शून्यात बघत बसतो आणि घरच्यांना वाटतं, वय झालं. शेपटीचे केस गळू लागले तर मूत्रपिंडाजवळची अॅड्रिनल ग्रंथी तपासून घ्या.

घरात कुणाला फ्लू असेल तर त्याने फेरेटला जवळ घेऊ नये. माणसाचा फ्लू त्यालाही होतो.