आजीचं आमेन

अश्दोद, इस्रायल, सोमवार रात्र

प्रिय रिवका,

तुझा आवाजी निरोप मी दोनदा ऐकला. मागे रिक्षांचे हॉर्न वाजत होते, आजी कुणाला तरी "दार ओढून घे गं" म्हणत होती. इतक्या वर्षांनीही तो आवाज कानावर आला की मला चरईतलं आमचं घर दिसतं. असो. तुझे प्रश्न दोन आहेत.

शनिवारी ठाण्यात टेंभी नाक्याच्या आपल्या यहुदी सिनेगॉगमध्ये तोराचं, आपल्या धर्मग्रंथाचं, वाचन झालं आणि हजाननं, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यानं, भारताचे राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यासाठी प्रार्थना म्हटली. इथं अश्दोदला आपण इस्रायलच्या सरकारसाठी म्हणतो. मग आपली नक्की कुठली? आणि दुसरा प्रश्न, जो विचारताना तुझा आवाज जरा हळू झाला होता: शुक्रवारी आजी टीव्हीसमोर बसून भाज्यांच्या भावावरून त्याच सरकारला बोल लावत होती आणि शनिवारी बायकांच्या बाजूनं सगळ्यांत मोठं आमेन तिचंच आलं. "आजी देवासमोर खोटं बोलली का?"

नाही बाळा. आजी दोन्ही वेळा खरंच बोलली. मुद्दाम मराठीत लिहितोय, सावकाश वाच. अडलं तर तिलाच विचार.

आधी त्या प्रार्थनेत आहे काय ते बघ. हिब्रू तुझं माझ्याहून चांगलं आहे, पण ‘हानोतेन तेशुआ’, म्हणजे तिथं हजाननं म्हटलेली ती प्रार्थना, तू इथं फारशी ऐकलेली नसणार. राजांना तारणारा, अधिपतींना सत्ता देणारा, ज्याचं स्वतःचं राज्य युगानुयुगांचं आहे, अशी देवाची ओळख करून देत ती सुरू होते. दाविदाच्या स्तोत्रांतले शब्द आहेत ते. म्हणजे पहिल्याच ओळीत खुर्चीवरच्या माणसाला त्याची जागा दाखवून दिली: सत्ता तुझी नाही, दिलेली आहे. मग त्याचं रक्षण कर, त्याला आयुष्य दे, असं येतं. आणि पुढे मागणं येतं की त्याच्या आणि त्याच्या सगळ्या सल्लागारांच्या मनात दया घाल, म्हणजे ते आमच्याशी चांगले वागतील. ज्याच्या मनात दया काठोकाठ भरलेली आहे त्याच्यासाठी कुणी दया मागेल का? आपण इथं म्हणतो ती 1948 सालची प्रार्थना तरी काय मागते? राष्ट्राच्या प्रमुखांना, मंत्र्यांना, सल्लागारांना तुझा प्रकाश आणि तुझं सत्य पाठव, त्यांना चांगली मसलत दे. दोन्हींत एकसुद्धा शब्द शाबासकीचा नाही. सगळं मागणं आहे. आजी शुक्रवारी ज्या गोष्टीसाठी चिडली होती, तीच गोष्ट शनिवारी तिनं योग्य ठिकाणी मागितली.

माझ्या लहानपणचा एक शनिवार सांगतो. 3 नोव्हेंबर 1984. मी नऊ वर्षांचा. त्याआधीच्या बुधवारी इंदिरा गांधींची हत्या झाली होती आणि त्या शनिवारी दिल्लीत त्यांचे अंत्यसंस्कार होते. ठाण्याचा रस्ता इतका गप्प मी कधी पाहिला नव्हता. जांभळी नाक्यापर्यंत सगळी दुकानं बंद. वडील माझा हात घट्ट धरून मला सिनेगॉगमध्ये घेऊन गेले. माणसं थोडीच होती. वाचन झालं आणि हजाननं नेहमीची प्रार्थना सुरू केली. ‘पंतप्रधान’ या शब्दापाशी त्यांचा आवाज अडला. मी वडिलांना कुजबुजत विचारलं, "त्या तर गेल्या ना? मग कुणासाठी?" ते म्हणाले, "खुर्चीवर जो बसलाय त्याच्यासाठी. त्याची आई गेलीय आणि देश त्याच्या अंगावर पडलाय. आज आमेन मोठ्यानं म्हण."

तुझे आजोबा त्या पक्षाचे मतदार नव्हते. घरी कडाडून टीका करायचे. पण त्या दिवशी त्यांनी आमेन म्हटलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी बघितलंय. आजी त्यांचीच बायको आहे, हे लक्षात ठेव.

अशी प्रार्थना फक्त आपलीच आहे असंही नाही. चाळीत खालच्या मजल्यावर मालवणकडचे एक आजोबा राहायचे. गणपतीत ते आरतीनंतर गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा महाराजा" अशी हाक मारून घरातली माणसं, चाकरमानी, मानकरी, गुरंढोरं, सगळ्यांसाठी मागायचे. कुणाचं काही चुकलंमाकलं असेल तर ते पदरात घे आणि वाटेवर आण. दर मागण्यामागे सगळी चाळ एका सुरात म्हणायची, "व्हय म्हाराजा!" आम्ही मुलं उंबऱ्याबाहेर उभी राहून ऐकायचो. मूर्तिपूजा आपली नाही, पण मला तो होकार फार ओळखीचा वाटायचा. एकानं मागायचं आणि सगळ्यांनी मिळून ते आपलं म्हणायचं. आपलं आमेन तेच करतं. एकट्यानं मनात केलेली प्रार्थना आपल्या आवडीनिवडीच्या बाहेर सहसा जात नाही. दहा जण मिळून म्हणतात तेव्हा त्यात भाजीवाल्यापासून राष्ट्रपतीपर्यंत सगळे येतात.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. जगात पुष्कळ ठिकाणी आपल्या लोकांनी ही प्रार्थना भीतीपोटी म्हटली. 1655 साली ॲम्स्टरडॅमचे रब्बी मेनाशे बेन इस्राएल यांनी यहुद्यांना इंग्लंडमध्ये राहू द्या म्हणून तिथला राज्यकर्ता क्रॉमवेल याला विनंती केली, तेव्हा आम्ही राज्यकर्त्यांशी निष्ठेनं वागतो याचा पुरावा म्हणून त्यांनी हीच प्रार्थना पुढे ठेवली होती. विचार कर, देवापुढचे शब्द माणसापुढे दाखला म्हणून दाखवावे लागले. आपल्या, म्हणजे बेने इस्रायल यहुद्यांच्या, कोकणातल्या पूर्वजांवर ती वेळ आली नाही. ते नौगावच्या किनाऱ्याला लागले असं आपण मानतो. गावोगाव तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोकांनी ‘शनवार तेली’ म्हटलं. त्या नावात फक्त ओळख होती, हेटाळणी नव्हती. गावाच्या नावाला ‘कर’ लावून आडनावं झाली. टेंभी नाक्याचं आपलं सिनेगॉग, शाआर हाशामाइम, 1879 साली उभं राहिलं, तेव्हा ते उघड्या रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारनं यहुदी समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तेव्हा आजीनं फोन करून मला अख्खी बातमी वाचून दाखवली होती. म्हणून ठाण्यात ती प्रार्थना म्हणताना माझ्या मनात कृतज्ञता असायची, आणि अजूनही आठवताना तीच असते.

आता कुठली आपली, ते. यिर्मया संदेष्ट्यानंही एक पत्रच लिहिलं होतं. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना त्यानं जेरुसलेमहून कळवलं की घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं त्यातच तुमचं भलं. ज्यांनी त्यांना घरादारातून उचलून नेलं, त्या राज्यासाठी! त्यामानानं आपल्याला किती सोपं मागितलंय. तू ठाण्यात पाणी पितेस, रस्ता ओलांडतेस, रात्री निर्धास्त झोपतेस. तोवर तिथल्या कारभाऱ्यांसाठी तुझं आमेन देणं लागतेस. इथं परत आलीस की इथल्यांसाठी. यात कुणाचं काही कमी होत नाही. मी 1996 पासून इथं आहे, आणि इथल्या आमेननंतर मनातल्या मनात तिकडचंही म्हणतो.

आणि बोल लावण्याबद्दल. आपल्या लोकांनी या देशातही ते केलंय. इथं आल्यावर लग्नाच्या बाबतीत बेने इस्रायलांच्या वंशाविषयी शंका घेतली गेली, तेव्हा 1964 साली आपले लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. बायका, लहान मुलं, सगळी. त्याच वर्षी इस्रायलच्या संसदेनं सांगितलं की बेने इस्रायल सर्व बाबतीत बरोबरीचे यहुदी आहेत. वडिलांचे एक चुलते त्या धरण्यात होते. ते म्हणायचे, "आठवडाभर सरकारविरुद्ध ओरडायचो आणि शाबाथला सरकारसाठी मागायचो. घसा तोच होता." मला हे फार पटतं. ज्याच्याकडून काही आशाच उरलेली नाही त्याच्यावर माणूस रागावत नाही आणि त्याच्यासाठी देवाकडे काही मागतही नाही.

एक काम कर. आजीच्या खोलीतल्या लाकडी कपाटात, वरच्या फळीवर, मलिद्याच्या मोठ्या ताटामागे कापडात बांधलेलं तुझ्या पणजोबांचं सिद्दूर, प्रार्थनेचं पुस्तक, आहे. त्यात या प्रार्थनेच्या पानावर जॉर्ज राजाचं छापील नाव आडव्या रेघेनं खोडलेलं आहे आणि वर त्यांच्या हातानं पेन्सिलीनं ‘राष्ट्रपती’ लिहिलंय. बाकीच्या प्रार्थनेला त्यांनी हात लावलेला नाही. त्या पानाचा फोटो काढून मला पाठव. पेन्सिल फिकी होत चाललीय, उजेडात खिडकीपाशी काढ. पान उलटताना जप, कडा मोडतात.

तुझा,
बाबा