मिनिटं मोज, बाय

बाय,

तुझं शाळेतलं वेळापत्रक पाहिलं. आठवड्याला 24 पिरियड, चाळीस मिनिटांचे. तू विचारतेस, ‘एवढंच शिकवते, तरी जीव का जातो? मीच कमी पडते का?’ कमी पडत नाहीस, मोजत नाहीस.

आता मोज. गेट ड्यूटी रोज 20 मिनिटं, झाली 100. छोटी सुट्टी तीन दिवस, 60. जेवणाची सुट्टी दोन दिवस, 60. बस सुटेपर्यंत थांबायचं दोन दिवस, 50. एकूण 270, म्हणजे जवळजवळ सात पिरियड. गेटसाठी फोंड्याहून आधीची कदंबा बस पकडतेस, ते धरलेलंच नाही. प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर बाईंच्या जागी घेतलेले पिरियडही नाहीत, ते तारखेसकट वेगळ्या रकान्यात लिही. शिवाय एक्स्टेंडेड एसेची, म्हणजे आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमातल्या मोठ्या निबंधाची, पाच मुलं. प्रत्येकाला तीन ते पाच तास द्या, असं आयबीच सांगते. हे 15 ते 25 तास कुठे बसवलेत, विचार.

कोणीतरी शिक्षणहक्क कायद्यातले आठवड्याचे 45 तास तोंडावर फेकेल. त्याच ओळीत ‘तयारीचे तास धरून’ असंही आहे, ते वाचून दाखव.

ड्यूटी टाळ असं म्हणत नाही हं! उभी राहशील तर जिन्याच्या वळणावर, जिथून मुतारीचं दारही दिसतं. दुसऱ्या बाईंशी गप्पा मारायच्या नाहीत, मोबाइल पर्समध्ये. बदलीची बाई आल्याशिवाय हलायचं नाही. पण ड्यूटीच्या तक्त्यातली नेहमीची चूक ओळख: ड्यूटी संपते त्याच घंटेला तुझा वरच्या मजल्यावर वर्ग सुरू. तू पोचेपर्यंत वर्ग चार मिनिटं मोकळा, आणि बाक पडला की जाब तुला. ड्यूटीनंतरचा पिरियड रिकामा हवा, नाहीतर ड्यूटी त्याच मजल्यावर. जूनमध्ये तर मैदान बंद, सगळी मुलं व्हरांड्यात, लाद्या ओल्या, आणि ड्यूटीवर माणसं तेवढीच. पावसाळ्याचा तक्ता वेगळा माग.

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. तोंडी तक्रार हवेत जाते, कागद टेबलावर राहतो. दोन आठवडे मिनिटं लिही, रोजच्या रोज. शुक्रवारी आठवून लिहिलेलं चालणार नाही. मग एकाच पानावर बेरीज घेऊन को-ऑर्डिनेटरकडे जा. रात्री व्हॉट्सॲपवर नको. ‘काम कमी करा’ म्हणू नकोस. ‘बुधवारी जेवणाची ड्यूटी आणि लगेच लॅब आहे, डबा कधी खाऊ? यातलं एक हलवा,’ एवढंच म्हण.

गणेशचवथीच्या सुट्टीआधी तो कागद मला दाखव. बेरीज मी तपासून देईन.